क्राउच, बाइंड, व्हय म्हाराजा

दसरा जवळ आला की मुळगावच्या शेतांत कापणीचं यंत्र उतरतं आणि माझं डोकं फिरतं. यंत्राचा दोष नाही. ज्या कामात आमच्या आईचं कंबरडं मोडायचं ते काम हे धूड सकाळी सुरू होऊन जेवणवेळेला संपवतं, त्याला नावं कशाला ठेवू? मला सोसत नाही तो वास. कापलेल्या ओल्या पेंढ्याचा, सुकत आलेल्या चिखलाचा, आणि त्याखाली कायमचा मुरलेला खाणीच्या तांबड्या मातीचा. माझं सासर कारापूरला, कचेरी डिचोलीला. पण ह्या दिवसांत मी वाट वाकडी करून माहेरी जाते, आईच्या स्वयंपाकघराचं मागचं जनेल, म्हणजे खिडकी, उघडते, वास आत येतो आणि जनेलाखालची ती बालदी दिसते. आता ती रिकामी असते. त्या वर्षी तिच्यात माझ्या धाकट्या भावाची, उमेशची जर्सी भिजत पडलेली असायची आणि पाणी इतकं लाल, की शेजारणीनं पहिल्यांदा बघून विचारलं होतं, "कितें गो, कोंबो मारलो?"

कोंबडा नव्हे, रग्बी. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. मी सांगायला लागले की लोक हसतातच. गोव्यात फुटबॉल. पोर चालायला लागलं की आधी लाथ मारायला शिकतं. तिथं हे लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं खूळ कुठून आलं? तर पेडण्याच्या किनाऱ्यावरचा एक हॉटेलवाला परदेशात कुठं तरी हा खेळ बघून आला आणि त्याला वेड लागलं. त्याच वेळी देशात प्रांतोप्रांतीच्या संघांची एक लीग सुरू होत होती. खेळाडूंना महिन्याच्या महिन्याला पगार, म्हणजे रीतसर नोकरीच. बाकीचे संघ मोठमोठ्या शहरांचे. आमचा पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांचा, ज्यांची आठवण पणजीलासुद्धा मतं मागायच्या वेळेलाच येते. मालकानं संघाला रुबाबदार इंग्रजी नाव ठेवलं होतं आणि छातीवर गवा रेडा काढला होता. इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. आम्ही म्हणायचो, गवे.

गवे कुठून जमवले? खाण बंद पडलेली. ट्रक दारात उभे, त्यांच्यावर वेली चढलेल्या, आणि ते चालवणारी दांडगी पोरं कट्ट्यावर बसून मोबाइल घासतायत. ती घेतली. पेडण्याकडून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं मोठं जाळं, ओढणारी चार-पाच आली. माडावर चढणारे दोघे आले. कोल्हापूरकडचा तानाजी म्हणून एक मुलगा तुयेंच्या कारखान्यात होता, तालमीत घडलेला, मान म्हणजे आमच्या घराचा खांब. त्याला घेतलं. आणि त्याच कारखान्यात, त्याच पाळीत, आमचा उमेश होता.

उमेश कायम झालेला. आमच्या घरातली पहिली कायम नोकरी त्याची. ती त्यानं सोडली. आई चुलीपुढे बसली होती, ती वळलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, रे." मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आमची आई रागावली की पुस्तकी बोलते. उमेश हसला. "आई, ह्या खेळांत सगळे पळत्याच्याच पाठी लागतात."

मीही हसले होते. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. कोणी तरी ह्या गावातून काही तरी वेगळं करतंय. आजही मला तसंच वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मैदान मुळगाव आणि मयेच्या मधल्या सपाटीवर. पूर्वी तिथं खाणीचे ट्रक रांगेनं उभे असायचे. त्यावर माती टाकली, हिरवळ लावली, दोन्ही टोकांना लोखंडाचे उंच, निळे रंगवलेले सांगाडे उभे केले. लोक बघायला आले. सांगाड्याभोवती फिरून एकानं गंभीरपणे विचारलं, "गोलाक जाळें खंय?" जाळं नसतंच म्हटल्यावर त्याची निराशा झाली. आमची आई एकदाच आली. चेंडूकडे बघून म्हणाली, "हें तवशें घेवन कितें धांवतात?" पावसाळ्यात आमच्याकडे मोठाली तवशी होतात, काकड्याच त्या, पण तुमच्या बाजारातल्या नव्हेत. आई चुकीचं बोलली नव्हती. मग तिला कळलं की ते तवसं पुढच्याला द्यायचंच नसतं, द्यायचं ते मागच्यालाच. तेव्हा मात्र ती चक्रावली. "फुडें वचूंक फाटीं दिवचें? हो कसलो खेळ?"

हे सगळं शिकवायला आणलेला माणूस पॅसिफिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा होता. दार भरेल एवढा देह आणि लहान पोरासारखा आवाज. त्याला आम्ही कोचबाब म्हणायचो. सायकलवरून पोदेर, आमचा पाववाला, आला की हा माणूस अर्धी टोपली पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव, विकत घेऊन झाडाखाली बसून कोरडीच खायचा. आठ दिवसांत त्याला कोंकणीतले दोनच शब्द आले, पण ते तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा. "फाटीं दी, फाटीं दी." कापणी चाललेल्या शेतापर्यंत ते ऐकू जायचं आणि बायका कोयती थांबवून हसायच्या. सपाटीच्या ह्या बाजूला कापणी, त्या बाजूला सराव, असा तो मोसम सुरू झाला.

आता त्या गमतीचं सांगते, जिनं घात केला.

ह्या खेळात कधीकधी दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्यात खांदा अडकवून, डोकी खाली घालून समोरासमोर भिडतात आणि एकमेकांना रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. आमच्या लोकांनी ते पाहिलं तेव्हा त्यांना रेड्यांची धीरयो आठवली आणि त्यांनी हा खेळ मनापासून स्वीकारला. पण धीरयोत रेडे आपल्या मर्जीनं भिडतात. इथं पंच हुकूम देतो. आधी म्हणतो, क्राउच, म्हणजे वाका. थांबतो. मग बाइंड, म्हणजे पकडा. पुन्हा थांबतो. मग सेट, म्हणजे भिडा. त्या तिसऱ्या शब्दाच्या आधी रेटा दिला तर तो गुन्हा.

पहिल्याच घरच्या सामन्याला पुढे खुर्ची टाकून दत्ताराम काका बसले होते. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. गाऱ्हाणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळा गाव देवापुढे उभा राहतो, एक जण गावाच्या वतीनं देवाला साकडं घालतो, एकेक वाक्य म्हणून थांबतो, आणि त्या थांब्यात सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. आईच्या कडेवर असल्यापासून आम्ही ते म्हणत आलोय. कोणी शिकवत नाही. समोरचा भरदार आवाजात काही तरी बोलून थांबला की आमच्या तोंडून ते आपोआप निघतं.

तर पंच वाकला, हात पसरला, लांबवून म्हणाला, "क्राऽऽउच." आणि थांबला.

"व्हय म्हाराजा," दत्ताराम काका म्हणाले. मुद्दाम नव्हे. सवयीनं. मग जीभ चावली आणि इकडेतिकडे बघितलं. पण तोवर सगळी सपाटी हसायला लागली होती. पंच म्हणाला, "बाइंड," आणि ह्या वेळेला चारशे माणसं एका आवाजात, व्हय म्हाराजा. मग सेट. आमची पोरं हसत हसत भिडली आणि समोरच्या शहरातल्या पोरांना त्यांनी पार शेवटच्या रेघेपर्यंत ढकलत नेलं.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. क्राउच, व्हय म्हाराजा. बाइंड, व्हय म्हाराजा. सेट. पाहुणे संघ बावचळायचे. त्यांना ते मंत्रबिंत्र वाटत असावं. मजा अशी की सरावातही पोरांनी तोच ठेका धरला. कोचबाब स्वतःच क्राउच म्हणायचा आणि स्वतःच आपल्या पोरसवदा आवाजात व्हय म्हाराजा म्हणायचा. दोन हुंकार, की रेटा. आठांचा रेटा एकाच क्षणी बसायला लागला. बाकी खेळात आम्ही यथातथाच. धावण्यात कमी, झेलण्यात त्याहून कमी. पण स्क्रममध्ये गव्यांना कोणी हलवू शकत नव्हतं.

उमेश मधोमध. डावीकडे पेडण्याचा एक रापणकार, उजवीकडे तानाजी, दोघांच्या खांद्यांवरून ह्याचे हात. घरी आला तरी त्याचे हात तसेच. जेवायला बसला की आईच्या खांद्यावर एक, माझ्या खांद्यावर एक, आणि आमच्या दोघींचे पदर चुरगळेपर्यंत पकडायचा. "सोड रे रेड्या," आई म्हणायची. दिवाळीत, नरकासुर जाळल्याच्या रात्रीनंतर पोहे खायला संघातली सगळी आमच्याकडे आली होती. दुधातले, ताकातले, गुळातले, बटाट्याचे, तिखट, जेवढे प्रकार आईला येत होते तेवढे तिनं केले. तानाजी प्रत्येक वाटीनंतर विचारायचा, "काकू, ह्ये बी पोहंच का?" मी त्या मुलांकडे बघत होते. कट्ट्यावर मान पाडून बसणारी हीच ती पोरं का, असं वाटत होतं. त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. कुठं निघालोय हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती चालायची.

थंडी पडली, सकाळी मयेच्या तळ्यावरचं धुकं मैदानापर्यंत यायला लागलं, आणि मोसम संपत आला. गुणतक्त्यात आम्ही तळाच्या जवळ होतो. तळाला राहील तो संघ पुढच्या वर्षी लीगबाहेर. शेवटचा सामना घरचा. मालकानं मैदानावर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, हा जिंकलो तर टिकलो, टिकलो तर सगळ्यांना तीन वर्षं नोकरी पक्की. उमेश त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "अक्का, आईक सांग, ती म्हणटा तसो हांव पळत्याच्या पाठी ना. हें हातचेंच आसा."

त्याच आठवड्यात मी कचेरीतून येताना मैदानावर माणसं पाहिली. पट्ट्या घेऊन मोजत होती, लाल टोकाच्या खुंट्या ठोकत होती. सामन्यासाठी चुन्याच्या रेघा मारणार असतील, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. कोणी तरी त्यांना घरातून चहासुद्धा नेऊन दिला.

सामन्याला सगळा तालुका लोटला होता. जे मतदानाला घराबाहेर पडत नाहीत तेही आले होते. शेवटपर्यंत आम्ही थोडक्यात मागे, वेळ संपत आलेली, आणि पंचानं स्क्रम दिला. आमचा. त्यांच्या रेघेपासून चार ढांगांवर. लोक खुर्च्यांवर चढले. एवढा एक रेटा देऊन चेंडू रेघेपलीकडे टेकवला की झालं. मोसमभर आम्हाला जे एकच येत होतं, नेमकं तेच करायचं होतं.

पंच नवा होता. सावकाश बोलणारा. "क्राउच."

व्हय म्हाराजा.

"बाइंड."

आणि जो व्हय म्हाराजा झाला तसा मी देवळातही कधी ऐकलेला नाही. मीही त्यात होते, घसा फाटेपर्यंत होते. पंच अजून थांबलेला होता. तो तिसरा शब्द उच्चारायला तोंड उघडत होता. पण दोन हुंकार झाले होते, आणि दोन हुंकारांनंतर रेटा, हे त्या पोरांच्या अंगात भिनलेलं होतं. सात जणांनी रेटा दिला.

सात. आठवा तानाजी. त्याच्या गावात गाऱ्हाणं नाही; मोसमभर तो पंचाच्या सेटवरच रेटत आला होता, आणि आजवर सेट दुसऱ्या हुंकाराला लागूनच यायचा. तो पंचाच्या तोंडाकडे कान लावून जागच्या जागी घट्ट उभा राहिला. डावीकडून सगळं बळ आलं, उजवी बाजू खांबासारखी थांबली, आणि मधल्या उमेशची मान पिळली गेली. सगळा ढीग वाकडा होऊन कोसळला. शिट्टी झाली. चेंडू त्यांना मिळाला, त्यांनी तो सरळ मैदानाबाहेर मारला. संपलं.

पहिलं कोण काय बोललं असेल? गर्दीतून आवाज आला, "त्या घाट्यान बुडयलें." आणि मग तेच सगळीकडे. अख्ख्या मैदानावर एकच माणूस नियमानं वागला होता आणि शिव्या त्यालाच बसल्या. मी त्या गर्दीशी भांडले. बाईमाणूस असून भांडले, असं नंतर माझ्या सासरी कळलं. तानाजी दुसऱ्या दिवशी आईच्या पाया पडायला आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले. "काकू, पंच बोलल्याबिगर रेटायचं न्हाई, येवढंच मला ठावं. तुमचं ते म्हाराजा मला कळंना बघा." आईनं त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुजें कांय चुकूंक ना, पुता." त्यानंतर तो गावाकडे गेला. इकडे परत आला नाही.

गावात आजही हिशेब सोपा आहे. आमच्या तोंडानंच आमचा संघ खाल्ला. कोणी आगाऊपणा केला की म्हणतात, सेट म्हणण्याआधी व्हय म्हणू नकोस. म्हण होऊन बसली आहे ती. मला ती ऐकवत नाही, कारण ती खरी नाही. त्या खुंट्या चुन्याच्या रेघांसाठी नव्हत्याच. सामना होण्याआधीच मालकानं ती सपाटी बंगल्यांसाठी देऊन टाकली होती. जिंकलो असतो तरी गवे मेलेच असते. फक्त हार घालून मेले असते.

हे मला कळलं तेव्हा मी धावत उमेशकडे गेले. मला वाटलं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान तेव्हापासून उजवीकडे वळत नाही, म्हणून समोर भिंतीकडेच बघत म्हणाला, "अक्का, तें सांगूं नाका. आमी हारले, आमच्या चुकीन हारले. तें तरी आमचें रावूं दी."

  चुकलो म्हणायलासुद्धा माणसाच्या हातात आधी काही तरी असावं लागतं. आमच्या हातात काही नव्हतंच, हे त्याला सांगून मी त्याचं काय भलं करणार होते?

कारखान्यानं त्याला परत घेतलं नाही. ते कोणाची वाट बघत थांबतात? आता तो मोपाच्या विमानतळावर कंत्राटी कामाला आहे. लोक सामान काढून ट्रॉल्या वाटेल तिथं टाकून जातात, त्या एकात एक अडकवून, लांब रांग करून परत आणायच्या. म्हणजे रेटायचंच. मी एकदा पुतण्याला सोडायला गेले होते तेव्हा लांबून बघितलं. खाली वाकून, खांदा लावून, अगदी तसाच. हाक मारली नाही. मारली असती तर त्याला अख्खं अंग वळवून बघावं लागलं असतं.

मैदानावर आता बंगले आहेत. कुंपणापलीकडे एक पोहण्याचं तळं दिसतं, त्यात कधी कोणी दिसत नाही. गोलाचे ते लोखंडी सांगाडे कोणी तरी उपटून देवळात आणून टाकले. चांगलं लोखंड, वाया कशाला घालवा? गेली काही वर्षं दसऱ्याला देवळापुढचा मांडव त्यांच्यावरच उभा राहतो. खालच्या बाजूला निळ्या रंगाचे ओरखडे अजून आहेत.

त्याच मांडवाखाली दत्ताराम काका गाऱ्हाणं घालतात. काका खचलेत. सुरुवात आपल्या जिभेनं केली, हे त्यांच्या मनातून जात नाही. संघ मोडल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला त्यांनी गाऱ्हाण्यात, कोणाला न विचारता, एक वाक्य वाढवलं. "आनी बा देवा, आमच्या पोरांचो तो संघ परत उबो कर." लोकांनी भरून येऊन साथ दिली. पुढच्या वर्षी जरा कमी. मग ते वाक्य पीकपाण्याच्या आणि रोगराईच्या मधलं एक वाक्य होऊन गेलं, बाकीच्यांसारखंच.

परवाच्या दसऱ्याला मी उमेशच्या उजवीकडे उभी होते. त्यानं यायचं टाळलं असतं, पण आईनं हट्ट धरला. गाऱ्हाण्यात तो उभा राहतो, तोंड मात्र उघडत नाही. त्या सामन्यापासून त्याच्या तोंडून मी तो हुंकार ऐकलेला नाही. काका म्हणत होते. पाऊसपाणी बरें कर. व्हय म्हाराजा. गुराढोरांक सांबाळ. व्हय म्हाराजा. मग त्या वाक्याची पाळी आली. काकांनी श्वास घेतला, ओठ हलवले, आणि बोललेच नाहीत. विसरले, की आता मागण्यात अर्थ नाही असं त्यांनी ठरवलं, देवाला ठाऊक. ते नुसते थांबले.

त्या थांब्यात सगळ्यांनी म्हटलं, व्हय म्हाराजा. कोणी काही मागितलं नव्हतं, आणि सगळा गाव हो म्हणाला. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या खांद्यावर उमेशचा हात पडला. पडला म्हणजे पकडला, पदर चुरगळेपर्यंत. त्याचा पाय मातीत रुतला, खांदा पुढे झुकला, आणि क्षणभर सगळं वजन माझ्यावर आलं. मी घट्ट उभी राहिले. मला दुसरं काय येतं? डावीकडे त्याचा दुसरा हात तसाच अर्धा वर उचललेला होता. तिथं, रापणकाराच्या जागी, कोणी नव्हतं.

काका पुढच्या वाक्याला गेले. उमेशनं हात काढला, माझा पदर सारखा केला, मान वळत नाही म्हणून अख्खाच वळला आणि चपला शोधायला गेला.